डावा पाय, उजव्यासाठी

ठाण्याहून टिटवाळ्यापर्यंत पायी जाणं ही काही मोठी मोहीम नाही. अंगारकीला कल्याण-डोंबिवलीची कितीतरी माणसं चालत जातात, दर्शन घेतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतात. आम्हा दोघा भावांना ठाण्यापासून तीन दिवस लागले. तरी हे लिहितोय, कारण या वाटेवर मी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. माणसाच्या एका पायाला केलेलं दुसऱ्या पायाला पोचतं. फार नाही, फार वेळही नाही, पण पोचतं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना हे खोटं वाटेल. मलाही वाटलेलं.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. डोंबिवलीत राहतो, तिथल्याच एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाला. गेल्या वर्षी वहिनीच्या हृदयाचं ऑपरेशन ठाण्यात झालं, तेव्हा तो माझ्याकडे राहायला होता. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आमच्या देवघरासमोर उभा राहून म्हणाला, हिला घेऊन घरी गेलो तर या उंबऱ्यापासून टिटवाळ्यापर्यंत पायी जाईन. मी शेजारीच होतो. कोणी विचारलेलं नसताना म्हणालो, मीही येईन.

वहिनी घरी आली, हिंडूफिरू लागली. नवस फेडायला आम्ही थंडीतली अंगारकी धरली.

आमच्याकडे पायी नवसाला वडिलांनी घालून दिलेला एक नियम आहे. वाटेत मुक्काम चालतो, हवी तेवढी विश्रांती चालते, पण एकदा जरी वाहनात बसलं, अगदी पुढच्या नाक्यापर्यंत रिक्षा केली, तरी पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात. दादा त्रेसष्ट वर्षांचा आहे. ही वाट त्याला एकदा जमेल, दोनदा नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

ठाणे ते शीळफाटा

रविवारी उजाडताना निघालो. कळव्याच्या पुलावर खाडीचा वारा अंगावर आला आणि दादाने कानाला मफलर गुंडाळला. उजवीकडे पाणी ओसरून चिखल उघडा पडलेला, त्यात बगळे. पुलावरून गाडीने जाताना हे मी हजारदा ओलांडलं असेन, पण बगळे पहिल्यांदाच पाहिले.

मुंब्र्यात पोचेपर्यंत भूक लागलेली. एका बेकरीसमोरच्या बाकावर बसून चहात बुडवून खारी खाल्ली. खारी इतकी ताजी की बोटांना तूप लागत होतं. बावन्न वर्षं ठाण्यात काढली आणि एवढ्या जवळच्या या गावात मी कधी पाय ठेवला नव्हता, खिडकीतून बघून मत मात्र बनवलेलं. बेकरीवाल्याने आमच्या टोप्या पाहून, कुठे निघालात विचारलं आणि दोन खाऱ्या जास्तीच्या कागदात बांधून दिल्या. मला ओशाळल्यासारखं झालं. दादा म्हणाला, "ओशाळू नकोस, खा." माझा हा स्वभाव तो पन्नास वर्षं ओळखतो. चूक झाली असो वा नसो, माफी माझ्या तोंडात तयार असते.

शीळफाट्याच्या अलीकडे ट्रकच ट्रक. धुळीत बोलायचीही सोय नव्हती. फाटा ओलांडून कल्याणच्या रस्त्याला लागलो तर तिथे मेट्रोचे खांब, पत्रे आणि खोदलेली माती. त्या सगळ्यातून आत देसई गावाच्या बाजूला एक दुमजली बंगला दिसला. ओट्यावर एक आगरी म्हातारे बसलेले. त्यांनीच हाक मारली.

"पायी कंय चाललाव? बसा, पानी घ्या."

पाण्याबरोबर गूळ आला. समोर जे टॉवर उभे आहेत तिथे त्यांची भातशेती होती, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. हळहळ वाटली ती मलाच. मग त्यांनी नवसाची चौकशी केली. दादाने बायकोच्या आजारपणाचं सांगितलं. ती सोबत आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, घरी आहे.

म्हातारे जरा विचार करून म्हणाले, "बरा हाय. तुमी चाला, ती बरी होल."

दादाला ते इतकं आवडलं की पुढे दोनदा ते वाक्य मला ऐकवलं. काटई नाका येईपर्यंत मात्र त्याची बडबड थांबली. उजव्या पोटरीत गोळा आलेला. डोंबिवलीत शिरताना तो उजवा पाय ओढत चालत होता, आणि मी त्याच्या पिशवीसकट दोन्ही पिशव्या घेऊन मागे.

डोंबिवली

आता जे घडलं ते माझ्या हातून घडलं.

दादाची मुलगी ऋजुता फिजिओथेरपिस्ट आहे. ती क्लिनिकमध्ये होती. वहिनी आतल्या खोलीत पडलेली. दादा सोफ्यावर पाय पसरून बसला, आणि मला वाटलं, आता माझं कर्तव्य करावं. आमच्याकडे धाकट्याने मोठ्याचे पाय चेपायचे ही रीत. आई तिळाच्या तेलात ओवा-लसूण टाकून लोखंडी पळीत कडकडीत करायची, निवलं की मनगटावर थेंब टाकून बघायची आणि मग वडिलांच्या पोटरीवर थेट पळीनेच धार धरायची. मी तसंच केलं. थेंब टाकून बघितला, बरोबर होता. तेवढ्यात घरून फोन आला. तेल गार होऊ नये म्हणून पळी पुन्हा मंद गॅसवर ठेवली, बोललो, आणि परत येऊन धार धरली. दुसऱ्यांदा थेंब बघितला नाही.

दादा ओरडला नाही. दात आवळून त्याने फक्त माझं मनगट धरलं. पोटरीवर लांबट लाल पट्टा उठला आणि बघता बघता त्यावर फोड आला.

वहिनी धावत आली. तिनेच त्याला न्हाणीघरात नेऊन नळाखाली पाय धरायला लावला. ऋजुता आली तोवर पाणी चालूच होतं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी येऊन पट्टी केली. भाजलं वरवरचं आहे, भरून येईल, चालायला हरकत नाही, पण पोटरी चोळायची नाही, दाबायची नाही, असं सांगून गेले. म्हणजे आखडलेला पायही तोच आणि हात लावायचा नाही तोही तोच.

मी कोपऱ्यात बसून माफी मागत होतो. ऋजुताने आधी मला गप्प केलं. मग तिने बापाला भिंतीसमोर उभं केलं, उजवा पाय भिंतीपासून चार बोटं लांब, आणि सांगितलं, टाच न उचलता गुडघा भिंतीला लाव. गुडघा अंगठ्याएवढा लांब राहिला.

"हे असं असेल तर उद्या पत्रीपुलापर्यंत पण पोचणार नाहीस," ती म्हणाली. "बस खाली. डावा पाय दे."

"दुखतोय उजवा."

"उजव्याला हात लावायचा नाहीये ना? मग डावा दे."

तिने आतून निळ्या फोमचा एक लांबट रोलर आणला, वर उंचवटे असलेला. सतरंजीवर दादाला बसवून डावी पोटरी त्यावर ठेवायला लावली. हात मागे टेकून अंगाचं थोडं वजन द्यायचं आणि पाय सावकाश पुढे-मागे फिरवायचा. दादाचा चेहरा बघण्यासारखा होता. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "मी इतकी वर्षं राबले त्याचा गुण यांना आला, तसंच की हे."

थोड्या वेळाने पुन्हा भिंत. उजवाच पाय, तेच चार बोटांचं अंतर. गुडघा भिंतीला टेकला. जेमतेम, पण टेकला. दादा मागे सरकून पुन्हा करून बघायला लागला. मी म्हणालो, हा योगायोग असणार. ऋजुता म्हणाली, योगायोग असता तर तिने हे दवाखान्यात रोज कशाला केलं असतं.

मग तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. रोलरने स्नायू कणकेसारखा मळून मऊ होत नाही. पाय किती ताणला की नको म्हणायचं, हे बरंचसं मेंदूच ठरवतो. दाब दिला की त्याचा धाक थोडा सैल होतो, आणि तो सैल होताना एकाच पायापुरता होत नाही. दुसऱ्या पायालाही थोडी सूट मिळते. दुखण्याचंही तसंच, ते जरा कमी वाटतं. का होतं याचं पूर्ण उत्तर तिच्याकडेही नव्हतं.

"आणि टिकतं थोडाच वेळ," तिने बजावलं. "दहा मिनिटं, फार तर अर्धा तास. कधीकधी काहीच होत नाही. हे औषध नाहीये, बाबा. चालायला सुरुवात करण्यापुरतं आहे. जास्त दुखलं तर थांबायचं." मग माझ्याकडे वळून, "काका, तू टाचेवर लक्ष ठेव. बाबा लबाडी करतो, टाच उचलून गुडघा लावतो."

म्हणजे भाजणाऱ्याच्याच हाती पहारा दिला. मी तो मनापासून पत्करला.

कल्याण

सोमवारी डोंबिवली ते कल्याण एवढंच चालायचं होतं. निळा रोलर माझ्या पाठीवरच्या पिशवीतून तोफेसारखा वर आलेला. दादा थोडं चालला की आखडायचा. मग एखादा कट्टा बघायचा, रोलर ठेवायचा, त्यावर डावी पोटरी. ते झालं की जवळची भिंत शोधायची. मी उकिडवा बसून त्याच्या उजव्या टाचेखाली बसचं जुनं तिकीट सरकवून बघायचो. तिकीट आत गेलं तर टाच उचललेली. दोनदा पकडला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तू लहानपणी इतका प्रामाणिक नव्हतास."

भिंतीला गुडघा लावणारा म्हातारा आणि त्याच्या पायाशी बसलेला मी, हे दृश्य लोकांनी आपापल्या परीने घेतलं. त्यावरून मी गावं ओळखायला शिकलो. ठाणेकर न बघितल्यासारखं करून पुढे जाईल. डोंबिवलीकर थांबून सूचना करतो. पोळी-भाजी केंद्रासमोर आम्ही घडीच्या पोळ्या आणि अळूची भाजी बांधून घेत होतो, तिथे रांगेतले एक गृहस्थ बराच वेळ बघून म्हणाले, "अहो, तुमचा दुखरा पाय उजवा दिसतोय. तुम्ही डाव्याला करताय."

"उजवा रजेवर आहे," दादा म्हणाला. "त्याचं काम डावा बघतो."

गृहस्थांना ते पटलं नाही. त्यांनी आम्हाला मॅग्नेशियमची गोळी घ्यायला सांगितलं.

कल्याणकर मात्र प्रश्न विचारतो. पत्रीपूल उतरल्यावर एका वड्याच्या गाडीजवळ आम्ही बसलो. वडे तळणारा झारा हातात धरून बाहेर आला आणि हे काय, कशासाठी, कितीला मिळतं, बाईमाणसाला चालतं का, असं सगळं विचारून घेतलं. त्याची बायको दिवसभर उभी असते. शेवटी त्याने स्वतःची चप्पल काढून डावा पाय रोलरवर ठेवून बघितला, आणि झाऱ्यासकट गाडीला गुडघा लावून खात्री केली. वड्याला ठाण्याच्या मानाने लसूण दुप्पट. आम्ही ठाणेकर आमच्या मिसळीचा फार तोरा मिरवतो, पण त्या वड्यासमोर मी गप्प बसलो.

दर वेळी यश आलं असं मात्र नाही. दुपारनंतर एका शाळेच्या कुंपणाशी गुडघा लांबच राहिला, दोनदा करूनही. दादा तसाच चालत राहिला. त्याच्या पायघोळ पायजम्यावर, पट्टीच्या खालच्या बाजूला, तेलाचा पिवळा डाग दिसत होता, धुवूनही न गेलेला, आणि मी दिवसभर त्याच्या मागून चालत होतो.

लॉजमध्ये झोपण्याआधी मी पुन्हा माफी मागितली. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तू माझ्या पायाकडे बघतोस की स्वतःकडे?"

टिटवाळा

अंगारकीच्या पहाटे कल्याणच्या फुलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या राशी, ओल्या फडक्याखाली जास्वंदीच्या कळ्या, दुर्वांच्या जुड्या बांधणाऱ्या बायका, आणि पायाखाली सगळा हिरवा चिखल. दुर्वा निवडून घेताना मी पिशवी मोकळी करायला रोलर काढून बाजूच्या टोपलीला टेकवला. तो तिथेच राहिला.

शहाडला उल्हास नदीचा पूल ओलांडला तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि दादा चांगला चालत होता, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. मोहने मागे पडलं. वाट चालणाऱ्यांनी भरलेली, मंडळांचे मांडव, ध्वनिक्षेपकावर आरत्या. एका मांडवात उपासाची साबुदाण्याची खिचडी आणि केळी वाटत होते. खाऊन उठताना दादाचा उजवा पाय पुन्हा आखडला. मी पिशवीत हात घातला आणि जागच्या जागी थिजलो.

दादाने माझा चेहरा बघितला. "हरवला?"

मी मान हलवली. त्याने सुस्कारा सोडला आणि माझ्या पिशवीतली पाण्याची स्टीलची बाटली काढून माझ्या हातात दिली.

डावी पोटरी मी बाटलीने लाटली. फोमसारखं नव्हतं, कडक होतं, पण थोडा फरक पडला. आटाळीपर्यंत असं दोनदा केलं. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही. आता तो माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होता. एक रिक्षावाला आमच्या बाजूबाजूने सावकाश गाडी हाकत येऊ लागला.

"बसा ना काका. पोचलंच हाय आता. देव काय बघत नाय."

"देव नाही रे," दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हा बघतो."

रिक्षावाला हसत पुढे गेला. मला हसू आलं नाही. माझ्या मनात आलं होतं की याला बसवावं, आणि कोणाला सांगू नये. पण दादाला ते चाललं नसतं, आणि चाललं असतं तरी पुढल्या वर्षी हा पुन्हा ठाण्याच्या उंबऱ्यावर उभा राहिला असता, चौसष्टाव्या वर्षी, एकटा. कारण मी पुन्हा वाहनात बसवीन म्हणून मला बरोबर न्यायची त्याला भीती वाटली असती.

बल्याणीजवळ माझाच पाय गेला. आटाळीपासून त्याचा भार एका बाजूने झेलून माझ्या डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याच्या कडेला एका कंपाउंडच्या पायरीवर बसलो. बोटं वाकडी झाली होती. दादा समोर उभा. आता दोघांपैकी कोणाच्याच चालण्याची खात्री नव्हती आणि टिटवाळा समोर दिसत होता.

तो माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "पाय दे."

मी पाय मागे घेतला. मोठ्या भावाने धाकट्याच्या पायाला हात लावायचा, तोही नवसाच्या दिवशी, असं आमच्याकडे कधी झालेलं नाही. मी तसं बोललोही. चुकून त्याला पाय लागला तर मी आजही नमस्कार करतो.

"दे म्हणतो ना. तुला तेल नाही घालत."

त्याने माझा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बाटली पोटरीवर धरून लाटायला सुरुवात केली. येणारे-जाणारे बघत होते. माझे डोळे भरून आले, आणि मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी..."

"माहितीये. फोन आलेला." तो लाटत राहिला. "आता बोलू नकोस. मी एक प्रयोग करतोय. तुझ्या डाव्याला केलं तर माझ्या उजव्याला काही होतं का बघू."

माझा गोळा हळूहळू सुटला. दादाने बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि तो उठला. कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन त्याने उजवा पाय चार बोटं लांब ठेवला. मी सवयीने खिशातलं तिकीट काढलं. तो गुडघा वाकवत होता आणि भिंतीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मी रस्त्यावरून चाललेल्या एका पालखीकडे तोंड फिरवलं.

"लागला," तो म्हणाला.

"चल," मी म्हणालो.

तिथून देवळापर्यंत तो माझा खांदा न धरता चालला. लंगडत, थांबत, पण स्वतःच्या पायांनी. तळ्याच्या काठाने रांग लांबच लांब होती, आणि रांगेच्या तोंडाशी लोकलने आलेल्या वहिनी आणि ऋजुता आमची जागा धरून उभ्या होत्या. वहिनीने दादाच्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि पदराने त्याच्या कपाळावरची धूळ पुसली. दुर्वा फुलबाजारातून इथवर जराही कोमेजल्या नव्हत्या.

प्रसादाचा मोदक खाताना ऋजुताने हिशेब मागितला. रोलर हरवल्याचं ऐकून तिने कपाळाला हात लावला. शेवटचं केव्हा केलं, तिने विचारलं.

"बल्याणीला," दादा म्हणाला. "गुडघा मस्त लागला. काकाला विचार."

ती माझ्याकडे वळली. "टाच?"

"टेकलेली होती," मी सांगितलं.

एका माणसाच्या पायाला केलेलं दुसऱ्या माणसाच्या पायाला पोचत नाही, हे ऋजुताने मला नंतर नीट समजावलंय, आणि ते खरंच असणार. ती टाच टेकलेली होती की नाही ते मला ठाऊक नाही. तिकीट अजून माझ्या खिशात आहे. बाकी सगळ्याची मी माफी मागितली. याची मागणार नाही.